पुस्तकात नसलेली शीळ

आमच्या लोणावळ्याच्या घरामागे एक ओहोळ होता. उन्हाळ्यात त्यात म्हैससुद्धा बसायला तयार नसे, पण आषाढ लागला की तो असा वाहायचा की स्वयंपाकघरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. एका श्रावणात त्या ओहोळापलीकडच्या झाडीतून पहाटे शीळ यायला लागली. पहिल्या महायुद्धानंतरची ही गोष्ट. मला सोळावं सरलं होतं, म्हणजे आत्याच्या भाषेत मी घोडनवरी झाले होते, आणि तळेगावच्या एका घरी माझं जवळजवळ ठरलं होतं. पत्रिका जुळली होती, मुलाकडची माणसं येऊन पोहे खाऊन गेली होती. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरायचा, असं बोलणं झालं होतं.

ती शीळ म्हणजे पाखरांची किलबिल नव्हे. एखादा रिकामटेकडा माणूस डोंगर उतरताना स्वतःशीच शीळ घालत यावा, मध्येच चाल विसरावा आणि पुन्हा त्याने ती भलतीकडूनच धरावी, तशी ती होती. उजाडायच्या सुमारास सुरू व्हायची. नेमकी त्याच वेळी मी मागच्या दाराशी भांडी घासायला बसायचे. या दोन गोष्टी एकत्र जुळवायला आत्याला फार वेळ लागला नाही. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. घरात तिचा शब्द चाले, आईचा नाही. घरंदाज माणूस शीळ घालत नाही, आणि शीळ घालणारा माणूस उगाच कोणाच्या परसात उभा राहत नाही, असं तिचं म्हणणं.

मी त्या शीळ घालणाऱ्याला पाहिलं होतं. श्रावणातलं आमच्याकडचं धुकं असं की परसातली तुळस दिसायची मारामार. एका पहाटे ते क्षणभर विरलं, तर ओहोळातल्या दगडावर एक पक्षी उभा. मैनेहून मोठा, काळाकुट्ट, आणि मान वळवली की कपाळावर नि खांद्यावर निळी झाक दिसत होती. त्याचा गळा हलला आणि ती शीळ आली. मी राखेच्या हातांनीच आत धावले आणि म्हणाले, "पक्षी आहे. मी पाहिला."

आत्या म्हणाली, "तू पक्षीच म्हणणार."

यावर काय बोलायचं असतं, ते मला आज सत्तरी उलटल्यावरही सुचलेलं नाही. एखादी मुलगी खरंच सापडली असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. आई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तिला माझं पटलं होतं की नव्हतं, हे तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

वडील, म्हणजे आमचे आप्पा, मराठी शाळेचे हेडमास्तर. ते छत्री घेऊन दोन-तीनदा पहाटे ओहोळाकडे गेले. पाऊल वाजलं की शीळ बंद. आत्याला एवढं पुरेसं होतं. तिच्या मते लाज माणसाला असते, पाखराला कशाची लाज? दूध घालायला खालच्या वाडीतून एक मावशी यायची. तिला तरी विचारावं म्हणून मी मोठ्या आशेने विचारलं, तर तिने आवाज खाली आणला. "त्यो घाटात मेलेला गडी हाय, बाई. गाडीला शीळ देतुया. त्येला हाक मारू नगा." म्हणजे आत्याचा चोरटा माणूस, मावशीचं भूत, आणि माझा पक्षी. तिघांत माझाच सगळ्यांत कच्चा ठरला.

शेजारपाजाऱ्यांचे कान काही बंद नव्हते. बातमी तिकीट न काढता तळेगावला पोचली. तिकडून निरोप आला, की घाई कशाला, पुढे बघू. लग्नाच्या बोलण्यात 'बघू' आला की काय समजायचं ते मुलीच्या बापाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. आप्पांनी त्या रात्री जेवताना ताक मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले की पक्ष्यांची पुस्तकं असतात, साहेब लोकांनी लिहिलेली. छापलेलं दाखवलं की माणूस गप्प बसतो, हा त्यांचा शाळेतला अनुभव होता.

ते शनिवारी शाळा सुटल्यावर पुण्याला लष्कर भागातल्या एका दुकानात गेले. मी दिवसभर कामं उरकत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. माझं पुढचं आयुष्य कुठल्या पुस्तकात आहे ते आप्पा निवडणार होते, आणि मला तर ते दुकान कसं असतं तेही ठाऊक नव्हतं. मी सोबत गेले असते तर निदान चित्र तरी ओळखलं असतं. पण लग्न ठरत असलेल्या मुलीने असल्या कामासाठी पुण्याला जायचं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही आलं नाही. त्याचा राग मला नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

संध्याकाळच्या गाडीने आप्पा आले आणि दुकानातली हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. दुकानदाराने तीन प्रकारची पुस्तकं पुढे टाकली. एक होतं शिकाऱ्यांचं, त्यात तित्तिर, लावे आणि बदकं, आणि ती कुठल्या महिन्यात चवदार लागतात ते. आत्याने कानांवर हात ठेवले. दुसरं जाडजूड, चित्रांशिवाय. पक्षी ओळखायचा तर पंखाची लांबी मोजा, पायाची बोटं बघा, नाकपुडीवरची पिसं बघा, असं त्यात लिहिलेलं. आप्पांनी विचारलं, की उडत्या पक्ष्याची नाकपुडी कशी बघायची? दुकानदार म्हणाला, आधी बंदुकीने पाडायचा, मग पुस्तक उघडायचं. तिसरं पातळ, पण पानोपानी रंगीत चित्रं. आप्पांनी तेच घेतलं. तळेगावच्या मंडळींना इंग्रजी येत नाही, चित्र मात्र कोणालाही कळतं, हा त्यांचा विचार. वाईट नव्हता तो.

दिवा मोठा करून आम्ही सगळे पुस्तकाभोवती बसलो. आप्पा एकेक पान उलटत आणि मी बघत. मैना निघाली, बुलबुल निघाला, हळद्या, खंड्या, सुतार पक्षी निघाला. बंगल्यांच्या बागांत बसून लिहिलेलं पुस्तक होतं ते. ओहोळातला कोणीच त्यात नव्हता. पानं संपत आली. एका पानावर कोतवाल होता, काळा, दुभंगलेल्या शेपटीचा. आप्पांनी तिथे बोट ठेवलं.

"हा असेल. नीट बघ."

"हा नाही, आप्पा."

"काळाच आहे की. पहाटेच्या उजेडात शेपटी कुठे नीट दिसते?"

त्यांना मी 'हो' म्हणायला हवं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर पुस्तक मिटून सगळे झोपायला गेले असते. पण कोतवाल आमच्या परसात रोज येई, आत्याही त्याला ओळखत होती, आणि त्याला असली शीळ घालताना जगात कोणी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा 'हा नाही' म्हणाले. आप्पांनी शेवटचं पान उलटलं. तिथे चिमणी होती.

आत्या उठता उठता म्हणाली की आता तर पुस्तकातही नाही. म्हणजे मला सोडवायला आणलेलं पुस्तक माझ्याचविरुद्ध साक्ष देऊन मोकळं झालं. मला इतकं रडू आलं की मी दिवा घेऊन आत गेले, आणि बाकीचे अंधारात राहिले.

पुढच्या शनिवारी आप्पा पुन्हा पुण्याला गेले आणि ते पातळ पुस्तक परत करून जाडजूड घेऊन आले. शब्दकोश शेजारी ठेवून ते रोज संध्याकाळी वाचत बसत. कित्येक संध्याकाळी पंखांच्या लांबीत आणि नाकपुड्यांत गेल्या. एके दिवशी ते एकदम ताठ बसले. काळा, कपाळी नि खांद्याला निळी चमक, डोंगरातल्या ओढ्याकाठी राहणारा, आणि शीळ हुबेहूब माणसासारखी. सगळं जसंच्या तसं छापलेलं. मला वाटलं, सुटले. आईने देवापुढे साखर ठेवली.

आप्पा ते पुस्तक काखोटीला मारून तळेगावला गेले. मुलाच्या वडिलांपुढे पान उघडून त्यांनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पान चाळून पाहिलं. चित्र नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पुस्तक तुम्हीच आणलं, अर्थही तुम्हीच सांगताय."

आप्पांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सांगताना चिडलेसुद्धा नाहीत. चित्राचं आणलं तर त्यात पक्षी नव्हता, पक्ष्याचं आणलं तर त्यात चित्र नव्हतं. आणखी कुठलं पुस्तक निवडायचं? शेवटी त्यांनी त्या गृहस्थांनाच गळ घातली, की एक दिवस मुक्कामाला या आणि स्वतःच्या कानांनी ऐका. ते नको नको म्हणत होते, पण भला माणूस, कबूल झाले.

ते आले तेव्हा भाद्रपद सरत आला होता. पाऊस ओसरला होता, ओहोळाचा आवाज बसला होता, आणि धुकंही नव्हतं. म्हणजे पक्षी बघायला याहून चांगली पहाट मिळाली नसती. आप्पा आणि पाहुणे मागच्या पडवीत घोंगडी पांघरून बसले. मी आत चुलीशी होते, पण सगळा जीव कानांत आला होता. कोंबडा आरवला. कावळे उठले. घाट चढून आलेल्या गाडीने शिट्टी दिली, आणि पाहुण्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, ही नव्हे. ऊन पडवीच्या पायरीवर येईपर्यंत दोघे तसेच बसले होते. पाऊस संपला की तो पक्षी गप्प होतो, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. पुस्तकात त्याच्या बोटांची लांबी होती, पण तो गायचा कधी थांबतो ते कोणी लिहिलं नव्हतं. मी चहा नेला तेव्हा पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि मला राग चालला असता.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. पत्रिका पुन्हा दुसऱ्या जोशांना दाखवली, ती जुळत नाही. कोणी कोणाला दोष दिला नाही. जाडजूड पुस्तक आप्पांच्या कपाटात गेलं आणि घरात पक्ष्यांचा विषय कोणी काढेना. त्यानंतर ज्या दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, ती दाराशी येऊन परत गेली. मी भांडी घासायला आता पुढच्या अंगणात बसायचे.

पुढल्या वर्षी आषाढात शीळ पुन्हा सुरू झाली. घरात सगळ्यांनी ऐकली आणि सगळ्यांनी ऐकली नाही असं दाखवलं. एका पहाटे मी चूल पेटवत होते आणि आत्या माळ ओढत बसली होती. आप्पा मागच्या दाराने आत आले. छत्री नव्हती, अंगावरून पाणी निथळत होतं, वहाणा काढायचंही भान नव्हतं. मागच्या वर्षी ज्या जागी उभं राहून मी सांगितलं होतं, तिथेच ते थांबले.

"पक्षी आहे," ते मला म्हणाले. "मी पाहिला."

आत्याने माळ थांबवली नाही. 'मग पक्षीच असेल,' एवढं ती म्हणाली. तिने पुस्तक मागितलं नाही. आप्पा मात्र अजून माझ्याकडेच बघत होते, मला काहीतरी नवीन सांगितल्यासारखे. ती दोन पुस्तकं त्यांनी तळेगावच्या माणसांसाठी नव्हे, स्वतःसाठी आणली होती, हे मला तेव्हा कळलं.

"हो आप्पा," मी म्हणाले, आणि चुलीत फुंकर घातली.