सेविलाच्या हातचा घास

सेविला पीची सत्तरीला टेकली होती आणि तिला फक्त झोप हवी होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या ख्रिस्ती वळणाच्या, मोटारीऐवजी बग्गीने फिरणाऱ्या आमच्या खोऱ्यात बायका असलं काही बोलून दाखवत नाहीत. फार झालं तर "आज जरा पाय भरून आलेत" म्हणतात आणि उठून पीठ मळायला घेतात. सेविला तर तेवढंही म्हणत नसे.

तिचं सगळं आयुष्यच जागरणात गेलेलं. अकरा भावंडांत ती दुसरी, म्हणून खालच्या नऊ जणांची दुपटी तिनेच धुतली. विसाव्या वर्षी शेम पीचीशी लग्न करून ती खोऱ्याच्या या टोकाला आली आणि पहाटे साडेचारच्या दुधाला जुंपली गेली. नऊ बाळंतपणं झाली, त्यातली दोन मुलं चर्चच्या मागच्या टेकाडावर पुरली. तिला एक संबंध दिवस झोपून काढता आला तो चोविसाव्या वर्षी, अंगावर गोवर उठला तेव्हा. त्या दिवसाची आठवण ती मोठ्या गोडीने सांगायची, एखादी बाई माहेरची सांगते तशी.

म्हातारपणी तरी पाठ टेकता येईल असा तिचा हिशोब होता. रीतीप्रमाणे धाकट्या मुलाने, रूबेनने, शेती आणि मोठं घर घेतलं, आणि म्हातारा-म्हातारी शेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेली. गाई रूबेनकडे गेल्या, बाग अर्ध्यावर आली. आणि चौथ्या महिन्यात शेम गोठ्याच्या दारात कोसळला. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, चार-पाच शब्द तेवढे उरले, तेही मागावे लागत.

मदतीला माणसांचा तोटा नव्हता, हे मात्र मान्य करायला हवं. आमच्या लोकांना दुसरं काही जमो न जमो, आजाऱ्याच्या दारात पिवळ्या टपाच्या बग्ग्यांची रांग लावता येते. शनिवारी दोन पुरुष येऊन शेमला अंघोळ घालत. रूबेन रात्रीतून दोनदा त्याची कूस बदले. शेजारणी नूडल्सची भांडी आणि लोणच्याच्या बरण्या इतक्या आणत, की तळघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पण घास? तो शेम फक्त सेविलाच्या हातून घेई. सून फ्रॉनीने चमचा पुढे केला की त्याचे ओठ मिटत. लेकी पाळीपाळीने येऊन बघून गेल्या, त्यांच्याही वाट्याला तेच. दिवसातून पाच वेळा खाणं, एकेका खाण्याला तासभर, आणि मध्ये पाण्याचे घोट. अशी दोन वर्षं.

"बाबांचं तुझ्यावर भारीच प्रेम," लेकी म्हणायच्या.

"आहे ना," सेविला म्हणायची. "प्रेमापायी माझी कंबर मोडली."

लेकी हसत आणि आपापल्या घरी जात.

फेब्रुवारीत एका दुपारी ती चुलीपाशी उभ्या उभ्या पेंगली आणि डावा हात तापलेल्या पत्र्यावर टेकला. तळव्याला पैशाएवढे तीन फोड आले. हात बांधून घेताना तिच्या तोंडून ब्र निघाला नाही, पण फ्रॉनी घाबरली. तिने त्याच दिवशी एनॉसला पत्र टाकलं.

एनॉस हा सेविलाचा तिसरा मुलगा. तो आमच्यात नव्हता. आमच्या रीतीने वयात आल्यावर बाप्तिस्मा घेऊन, चर्चच्या मंडळीसमोर गुडघे टेकून वचन दिल्यावर, तीन वर्षांनी तो सोडून गेला आणि मोटारगाडी चालू देणाऱ्या चर्चमध्ये सामील झाला. बाप्तिस्म्याआधी गेला असता तर आईबापांनी डोळे पुसले असते आणि विषय संपला असता. पण वचन देऊन मोडलं, म्हणून मंडळीने त्याला वाळीत टाकलं. तेव्हा मंडळीचा डीकन होता शेम. असले निरोप पोचवणं डीकनचंच काम. अकरा वर्षांपूर्वी शेम बग्गी जोडून निघाला, एनॉसच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन मंडळीचा निर्णय त्याच्या तोंडावर सांगितला, परत आला, दूध काढलं, आणि दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर त्याने मुलाचं नाव घेतलं नाही.

वाळीत म्हणजे घराचं दार बंद नव्हे. एनॉस वर्षातून एकदा यायचा, त्याचं ताट वेगळ्या टेबलावर वाढलं जायचं, सगळे त्याच्याशी बोलायचे. फक्त त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्याने भांडं टेबलावर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग आपण उचलायचं. आमची पोरंसुद्धा हे चालायला शिकतात तेव्हाच शिकतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एनॉस आला. तो छपरं घालायचं काम करी आणि बर्फ वितळेपर्यंत त्याला काम नसे. त्याने गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवली आणि चिखल तुडवत चालत आला. दारातच त्याने आईचा बांधलेला हात पाहिला.

"आई, तू किती वाळलीस गं."

"तू जाड झालास, तेवढीच भरपाई," सेविला म्हणाली. "बूट बाहेर काढ."

"दोन आठवडे राहतो. बाबांचं मी बघतो. तू झोप."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर सेविलाने उडवून लावलं असतं, पण एनॉस लहानपणापासून बोलला की करायचा. म्हणून तर गेला. तिने आशा धरली आणि आशा धरल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

रूबेनने बिशपला विचारलं. बिशप म्हणाला, आजाऱ्याला उचलायला, धुवायला कुणाची ना नाही. घासाचं म्हणाल, तर नियम आहे तो आहे, आणि शेमला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

ठाऊक होताच. संध्याकाळी एनॉसने मक्याच्या पिठाची पेज शिजवली, दूध घातलं, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि चमचा बापाच्या ओठांशी नेला. शेमने ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पेज उशीवर सांडली.

"बाकी सगळं विसरले, हे तेवढं पाठ आहे," एनॉस म्हणाला.

"तुझ्यामुळे नाही," सेविला म्हणाली. "फ्रॉनीलाही असंच करतो." पण तिला कळत होतं, की फ्रॉनीसमोर शेम नुसता हट्टाला पेटे. मुलासमोर त्याने डोळेही मिटले होते.

मग एक पद्धत बसली. एनॉस रांधायचा, वाडगा आणि चमचा खाटेजवळच्या छोट्या टेबलावर ठेवून हात मागे घ्यायचा. सेविला तिथून चमचा उचलायची आणि शेमला भरवायची. नियम शाबूत, शेमचं पोट भरलेलं. तिची झोप मात्र होती तिथेच. उलट आता तिला दोन हट्टी पुरुषांच्या मध्ये बसावं लागे. तिसऱ्या दिवशी भरवता भरवता तिला इतकी पेंग आली, की शेमच्या दाढीत जास्त गेलं आणि तोंडात कमी.

"आई, त्यांचा डावा हात चालतो ना?" एनॉसने विचारलं.

"चालतो."

"मग?"

सेविलाने वाडगा उचलून धुवायला नेला. डाव्या हाताने शेम भजनाच्या पुस्तकाची पानं उलटायचा, माशा हाकलायचा, पांघरूण ओढायचा. पहिल्या महिन्यात त्याने त्या हाताने चमचाही धरला होता. निम्मं अंगावर सांडलं आणि तो रडला. एवढा दांडगा माणूस, भरल्या घरासमोर गळ्यात फडकं बांधून रडताना तिला बघवेना. तिने चमचा काढून घेतला. नंतर तो परत त्याच्या हातात द्यायचं तिच्या मनातही आलं नाही. आमच्यात सेवा करायला शिकवतात. ती थांबवायची केव्हा, हे कुणी शिकवत नाही.

पाचव्या दिवशी दुपारच्या खाण्याला ती पायातला बूट सैल करायला खुर्चीत टेकली. एनॉसने वाडगा टेबलावर ठेवला होता. फक्त बूट सैल करायचा आणि उठायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

जाग आली तेव्हा गोठ्यातून दुधाच्या डब्यांचा आवाज येत होता. म्हणजे तीन तास गेले. ती धडपडत उठली. शेम उपाशी, एवढंच तिच्या मनात होतं. मग तिने पाहिलं. वाडगा रिकामा होता. शेमच्या दाढीत, सदऱ्यावर, चादरीवर सगळीकडे पेज होती, आणि एनॉस स्टुलावर बसून हातातला ओला रुमाल नुसताच चुरगाळत होता.

"तू भरवलंस?" तिने विचारलं. तिचा आवाज नको इतका चढला.

"मी हातही लावला नाही," एनॉस म्हणाला. "तुला उठवायचं जिवावर आलं. चमचा भरला आणि टेबलाच्या कडेला ठेवला, दांडा त्यांच्याकडे करून. हात मागे घेतला. ते पंधरा-वीस मिनिटं नुसते चमच्याकडे बघत होते. मी खिडकीकडे तोंड केलं. मग आवाज आला."

"कसला आवाज?"

"चमचा खाली पडल्याचा. मी दुसरा भरून ठेवला. तिसरा तोंडात गेला."

सेविलाला ते खरं वाटेना. एनॉसने पातेल्यात उरलेली पेज वाडग्यात काढली, चमचा भरला, टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. शेमने बायकोकडे पाहिलं. मग त्याचा डावा हात पांघरुणातून निघाला, टेबलावर चाचपडला, दांडा सापडला. चमचा हलत हलत वर गेला. निम्मी पेज वाटेत सांडली, उरलेली तोंडात गेली. त्याने चावल्यासारखं केलं, गिळलं, आणि चमचा परत टेबलावर एनॉसच्या बाजूला सरकवला.

"एनॉस," तो म्हणाला. शब्द जड होता, पण नाव नीट कळलं.

एनॉसने मान खाली घातली. त्याने चमचा भरला, पण तो ठेवताना त्याच्या हातून टेबलभर पेज सांडली.

मुलाचं नाव अकरा वर्षांनी शेमच्या तोंडून निघालं होतं. सेविलाने देवाचे आभार मानायला हवे होते, आणि पुढे तिने ते मानलेही. पण त्या घटकेला तिला राग आला, इतका की कान तापले. दोन वर्षं. दिवसातून पाच वेळा. तिने मनातल्या मनात गुणाकार करायला घेतला आणि दमून सोडून दिला.

ती खाटेच्या कडेवर बसली. "शेम, तुला येत होतं?"

शेमने मान हलवली. हो.

"मग दोन वर्षं मला का बसवलंस?"

त्याने बराच वेळ शब्द शोधला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एनॉस सांगायला पुढे झाला, तर सेविलाने त्याला हाताने गप्प केलं. वाट बघायची तिला सवय होती.

"तू," शेम म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, "होतीस."

एवढंच. त्यात ना माफी होती, ना लाडीगोडी. ती होती, म्हणून त्याने हात बाहेर काढला नाही. तिला ते लागलं, आणि खरंही वाटलं. ती नेहमीच होती. अकरा भावंडांत होती, नऊ बाळंतपणांत होती, गोठ्यात, बागेत, चुलीपाशी होती. ती नसती तर काय, याचा विचार करायची पाळी आजवर कुणावर आली नव्हती, तिच्यावरही नाही. आज तीन तास ती नव्हती आणि एक माणूस स्वतःच्या हाताने जेवला होता.

ती उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली. बाहेर अजून चांगला उजेड होता. उजेडात अंथरुणावर पडायची तिला लाज वाटली, पण पाय पुढे जातच राहिले.

"रात्रीचं कसं करायचं?" एनॉसने विचारलं.

"तूच ठेव. मला उठवू नकोस."

"आणि पुढच्या शनिवारी मी गेल्यावर?"

सेविलाने चौकट धरली. मागे वळून तिने शेमकडे पाहिलं. दाढीत पेज, गळ्यात फडकं, आणि तिच्याकडे लागलेले डोळे. तिला त्याची दया आली. ती दया तिने तिथेच सोडली.

"मग मी ठेवीन," ती म्हणाली. "टेबलावर."

शेमने ऐकलं. टेबलावर ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा, हे डीकन म्हणून त्यानेच वर्षानुवर्षं दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. त्याने डोळे मिटले नाहीत आणि भिंतीकडे तोंडही केलं नाही. सेविला आत गेली आणि बुटांसकट आडवी झाली.