कंसाआधीचं चिन्ह

सुमनबाई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईत, कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत. माझे वडील बांधकामावर फिटर. शाळा हिंदी, आणि गणित घेतलेल्या मुली आम्ही तिघीच, तिघी विदर्भातल्या. बाईंनी हजेरीत आमची आडनावं वाचली आणि हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवलं, "समजून राहिलं ना पोरीहो, का नुसत्या माना हालवता?"

तीन मुलींसाठी वेगळा तास परवडत नाही, यांना गृहविज्ञान द्या, असं हेडमास्तरांचं म्हणणं होतं. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शिकवायचं कबूल केलं. आपला डबा त्या फळ्याजवळ उभ्यानंच खात.

वर्गराशीच्या वाटीसारख्या आलेखाच्या टोकाला हिंदी पुस्तकात 'शीर्ष' म्हटलं होतं. (क्ष − ३)² + २ लिहून बाई सांगत की, वर्ग शून्याच्या खाली जात नाही, म्हणून क्ष तीन असताना उत्तर सगळ्यात लहान, म्हणजे दोन. तेच शीर्ष. आम्ही मात्र दर वेळी पालथी वाटी काढायचो. शीर्ष म्हणजे डोकं, ते खाली कसं असेल?

"खाली मान घालून बसलेल्या मानसाले डोकंच नसते का वो?" बाई म्हणायच्या. "पयले कंसाच्या आधी कोनतं चिन्ह हाये ते पाहा. तिथं उणं नसलं तर वाटी सुलटी, शीर्ष तळाले. उणं असलं तर वाटी पालथी, मंग शीर्षच सगळ्यात उंच."

त्याच हिवाळ्यात बाईंचा एकुलता एक मुलगा वसंता तापानं गेला. नऊ वर्षांचा होता. बाई शाळेत येईनाशा झाल्या. त्या आता माहेरी वर्ध्याला जाणार, परत येणार नाहीत, असं जो तो म्हणू लागला. आमचं गणित म्हणजे बाईच होत्या. त्या गेल्या असत्या तर आम्ही तिघी गृहविज्ञानात जमा.

आई मला त्यांच्या क्वार्टरवर घेऊन गेली. दारातून जयभीम म्हणून ती आत जाऊन बसली. बाई भिंतीला टेकून होत्या. मी म्हटलं, "बाई, हे शीर्ष आलं. याच्या खाली काही नाही. आता वरच जाचं हाये."

आईनं मला चिमटा काढला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कंसाआधी उणं नाही, हे कोनं सांगतलं तुले?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वसंता होता तेच आपलं सगळ्यात उंच, आता पुढे नुसता उतार, असं बाई सांगत होत्या.

पुढच्या सोमवारी बाई वर्गात आल्या. फळ्यावर −(क्ष − ३)² + २ लिहिलं आणि म्हणाल्या, "हे राह्यलं होतं शिकवाचं." आवाज नेहमीचाच होता. डबा तेवढा आणलेला नव्हता. आम्ही आमच्या भाकरी पुढे केल्या, तर त्यांनी घेतल्या. त्या वर्षी आम्ही तिघीही गणितात पास झालो. पुढे मी जन्मभर गणितच शिकवलं, आणि बाईंनी अशा किती पोरी पार केल्या ते त्यांनाही ठाऊक नसेल.

आता बाई दुर्गला पद्मनाभपुरात राहतात. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांचा होकार घ्यायला गेले, तेव्हा सगळे म्हणतात तसं मीही म्हणाले, "बाई, तुम्हाले शंभर वर्षं लाभोत."

"मले कावून देता वो शंभर?" बाई म्हणाल्या. "त्याले द्याची होती."

म्हणून अशा लेखाच्या शेवटी जे लिहायची रीत आहे, ते माझ्यानं लिहवत नाही. बाईंचे गुडघे दुखू नयेत, डोळे शाबूत राहावेत, एवढं मागते. आणि आम्ही पोरींनी आता पन्नाशी ओलांडली आहे, कुणाला साखर आहे, कुणाला दमा. आमच्यातली एकही बाईंच्या आधी जाऊ नये.