राजेश्रीचा रविवार

आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता कुणी जीव तोडून ओरडलं तर नवा माणूस धावत सुटेल. आम्ही सुटत नाही. तो आवाज राजेश्रीचा असतो आणि त्यात फक्त दोन नावं असतात. सोहम आणि सृष्टी. थोड्या वेळानं तीच नावं उलटी.

मी वालूरच्या अंगणवाडीची बाई. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही विटेची एकेरी, त्यामुळे तिच्या घरातला संसार मला रेडिओसारखा ऐकू येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीतलं जे सांगते आहे त्यातलं निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे आणि निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं.

राजेश्रीचं माहेर मानवतचं. शिकून डी.एड. झालेली पोरगी. लग्न होऊन इकडं आली, दोन वर्षांत जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी. आता दोघं सहा वर्षांचे. शाळेत शिकवायचं तर आधी टीईटीची परीक्षा पास व्हावं लागतं. तिनं दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा परीक्षा हुकली. एकदा ती बाळंतीण होती, एकदा दोघांना एकदम कांजिण्या आल्या. त्या वर्षी तिसऱ्यांदा भरला. सेलूच्या एका शाळेनं निरोपच दिला होता, पास होऊन या, पहिलीचा वर्ग तुम्हाला देतो. यंदा नाही झालं तर दुसरी बाई बघू. म्हणजे या खेपेला परीक्षा हुकली की वर्गही गेला. आणि परीक्षा कधी, तर दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी, परभणीला.

सुट्टी हा शब्द कुणी काढला मला माहीत नाही, पण तो बाईमाणूस नसणार. शाळा चालू असते तेव्हा राजेश्रीला दिवसाचे पाच तास तरी हाताशी लागतात. सुट्टी लागली की तेही जातात.

त्यात कापूस फुटलेला. तिचा नवरा गोपाळ आणि सासू मनकर्णाबाई उजाडायच्या आत वेचणीला जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे. वेचलेला कापूस पुढच्या खोलीत, आढ्याला टेकेपर्यंत. घर दोनच खोल्यांचं, त्यातली एक कापसानं घेतली. उरलेल्या स्वयंपाकघरात राजेश्री, गॅस, पिठाचे डबे, अभ्यासाची पुस्तकं आणि ही दोन माकडं. माकडं दिवसभर कापसाच्या ढिगावर चढून उड्या मारायची. मग अंगाला खाज सुटायची, मग रडायची, मग ती दोघांना अंघोळ घालायची. केस वाळायच्या आत दोघं पुन्हा ढिगावर.

बालमानसशास्त्र नावाचा एक विषय असतो त्या परीक्षेला. ती मोठ्यानं पाठ करायची, "मुलाच्या खोडकरपणामागचं कुतूहल शिक्षकानं समजून घ्यावं," आणि त्याच श्वासात, "सोहम्या, खाली उतर, न्हाईतर तंगडं मोडते तुझं!" भिंतीअलीकडं मी तोंडात पदर कोंबून हसायचे. आता हसू येत नाही.

मनकर्णाबाईचा एक कायदा आहे. जुळ्याचं सगळं जोडीनं आणि सारखं. सृष्टी जन्मली तेव्हा मूठभर होती, ही काही राहत नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. म्हातारीनं तिला उचलून भावाच्या कुशीला लावलं आणि पोरगी तगली. तेव्हापासून दोघांना वेगळं ठेवायचं नाही आणि एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचंच. एक चकली असली तर मोडून निम्मी निम्मी. एकाला तापाचं औषध दिलं तर दुसऱ्याला चमचाभर साखरपाणी. म्हातारी वाईट नाही. तिनं नात मरणाला टेकलेली पाहिली होती आणि जगताना पाहिली होती, तिच्याशी कोण वाद घालणार?

पण त्या कायद्यात राजेश्री सापडली. रविवारी पोरांना कुठं ठेवायचं, हे विचारत ती पंधरा दिवस फिरत होती. मानवतचा भाऊ बन्सीधर म्हणाला, "एकाला सोड की आमच्याकडं, दोघं न्हाई जमायची." गोपाळ म्हणाला, "एकाला मी शेतात नेतो. दोघं आले तर कापूस ऱ्हाईल बाजूला, दिवसभर त्यांनाच वेचावं लागंल." शेवटी ती माझ्याकडं आली. मी काय म्हणाले? "एकाला ठेवते गं." अंगणवाडीत तीस लेकरं सांभाळणारी मी! पण तीस लेकरं सरकारची, आणि सुट्टी मलाही होती.

आणि मनकर्णाबाई, "जुळं तोडायचं न्हाई म्हंजे न्हाई."

आम्ही सगळी भली माणसं. प्रत्येकानं एकेक घेतलं आणि दोन्ही तिच्याकडंच राहिली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, म्हणजे शुक्रवारी, ती भांडी घासता घासता कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हाताला राख तशीच. म्हणाली, "काकू, मला कोंडल्यावानी व्हायलंय. लेकरं नको झालीत असं न्हाई. पण एक दिवस, निस्ता एक दिवस, मला कुणाचीच कुणी व्हायचं न्हाई."

मी म्हणाले, "होतील गं मोठी." सगळ्या आयांना मी हेच सांगते. त्या दिवशी ते बोलल्याबरोबर मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून गेलं होतं.

शनिवारी दिवस कलताना भिंतीपलीकडून तिची किंकाळी आली. त्यात नाव नव्हतं, म्हणून मी पळाले.

स्वयंपाकघरात दोघं भिंतीला टेकून उभे होते. दोघांच्या हातात कागदाचा एकेक तुकडा. परीक्षेचं हॉल तिकीट पुस्तकात ठेवलं होतं, ते त्यांना सापडलं होतं. बरोबर मधोमध फाडलेलं, वरच्या फोटोसकट. सोहमकडं आईचा एक डोळा आणि अर्धं कपाळ, सृष्टीकडं दुसरा.

"मम्मीचा फोटू एकच होता," सृष्टी म्हणाली. तिला आपण काही चुकलो असं मुळीच वाटत नव्हतं. "मग निम्मा निम्मा केला. आज्जी म्हणती तसं."

मला वाटलं राजेश्री आता दोघांना फोडून काढते. तिनं हात उचललाही. तो हात तिनं आपल्याच कपाळावर मारून घेतला आणि ती मटकन खाली बसली.

"निम्मी तुला, निम्मी त्याला," ती म्हणाली. "मग मला काय ऱ्हायलं रे?"

सृष्टीनं आपला तुकडा तिच्यापुढं धरला. पुढच्या खोलीतल्या त्या कापसाच्या ढिगापलीकडं तिचा आवाज गेलाही नसेल.

गावातलं ऑनलाइनचं दुकान भाऊबीजेपासून बंद, मालक सासरवाडीला गेलेला. दुसरं तिकीट काढायची सोय नव्हती. तेवढ्यात मनकर्णाबाई शेतातून आली, ओटीत बोंडं तशीच. तिनं पाहिलं आणि बसकण मारली. "जाऊ दे बाई. पुढच्या सालाला दी."

पुढच्या सालाला! हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "काही न्हाई पुढच्या सालाला," मी म्हणाले. "म्या येते संगं. दोघांनाबी घेऊन. तुमचं जुळं तुटत न्हाई आणि हिची परीक्षा बी बुडत न्हाई. झालं?" म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "धपाटे करून देते." तिच्या भाषेत तो होकारच होता.

अंगणवाडीच्या पेटीतली चिकटपट्टी आणून मी तिकीट जोडलं. फोटोतून एक रेघ गेली ती गेलीच. हे चालेल का, ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळच्या एसटीत राजेश्री ते तिकीट मांडीवर उताणं धरून बसली होती आणि पुस्तकाचं एक पान उलटलं नाही.

केंद्राच्या फाटकावरच्या माणसानं ते बघितलं आणि परत दिलं. "फोटो फाटलेला हाय. हे चालत न्हाई."

"नंबर दिसतोय की साहेब. हे आधार बघा."

"मला न्हाई सांगायचं. मॅडमला विचारा."

मॅडम येईपर्यंत वीस मिनिटं गेली. बाकीच्या पोरी आत जात होत्या. राजेश्री ज्या फाटकाबाहेर उभी होती त्याचा गज तिनं असा धरला होता की बोटं पांढरी पडली. मॅडमनं आधार पाहिलं, तिकीट पाहिलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाली, सारखे कपडे घातलेल्या दोघांकडं.

"यांनी फाडलं?"

"हो."

मॅडमनं यादीत नंबर शोधला, बाजूला सही घेतली. "पळा. दहा मिनिटं राहिलीत."

ती पळाली. मागं वळून पाहिलं नाही, पोरांना टाटा केला नाही. मला ते लागलं आणि बरंही वाटलं.

पुढचे अडीच तास माझे होते. पहिल्या पाच मिनिटांत सोहम रस्त्याकडं आणि सृष्टी नालीकडं. एकीला धरलं की दुसरा सुटायचा. शी दोघांना एकदमच लागली. धपाटे निम्मे निम्मे केले तरी कुणाचा निम्मा मोठा यावरून मारामारी झाली. मी पाणी प्यायला बाटली तोंडाला लावली ती तशीच खाली ठेवून तीनदा पळाले. साडेअकराला घड्याळ पाहिलं तेव्हा वाटलं बंद पडलंय. तीस लेकरांची माझी सगळी फुशारकी त्या फाटकासमोर जिरली. आणि हे तिचं रोजचं होतं, सहा वर्षं, भिंतीपलीकडं. मी हसत होते.

एक वाजता घंटा झाली. पोरी बाहेर यायला लागल्या, फोन लावत, उत्तरं विचारत. त्यांच्यामागून राजेश्री व्हरांड्यात आली. पेपर कसा गेला ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. तिनं फाटकाकडं पाहिलं, मला पाहिलं, पोरांनाही पाहिलं. मला वाटलं आता पळत येईल. ती आली नाही. पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय लांब केले, आणि नुसती समोर बघत राहिली. ना फोन, ना पुस्तक, ना कुणाशी बोलणं.

दोघांची पाठ फाटकाकडं होती. सोहमनं मान वळवायला सुरुवात केली. मी झटकन त्याची हनुवटी धरली, सृष्टीला जवळ ओढलं आणि दोघांची तोंडं रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला वळवली.

"तिकडं बघा," मी म्हणाले, "रेल्वे यायलीय."

तिकडं रूळच नव्हते. दोघं श्वास रोखून बघत उभे राहिले.