अकरा हाका

तीन बेटांच्या तळ्यावर संध्याकाळी पाच वाजता कुणाच्या घरी जाऊ नये. चहा मिळणार नाही, कुणी बसा म्हणणार नाही, आणि तोंडातून शब्द काढलात तर अख्खं घर डोळे वटारेल. पाच वाजता रेडिओवर बिंगो असतो, कार्डावरची ओळ जुळली की फोन करून 'बिंगो' म्हणायचं, आणि आकडे पुकारायला डेल्फीन मावशी असते.

गेली एकोणचाळीस वर्षं तीच. गावसभेच्या कचेरीच्या मागे एक लाकडी खोली, तिच्यात एक माइक, दोन टेलिफोन आणि तळाशी काळी पडलेली चहाची किटली, एवढंच आमचं रेडिओ स्टेशन. मावशीचं वय बहात्तर, अंगाने चिमणीएवढी, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री कान टवकारतात. नुसता आकडा सांगणं तिला जमतच नाही. "ओ बासष्ट," म्हणते, "म्हणजे आपल्या एमेल्डाचं वय. ती पंचावन्न सांगते, ते सोडा." घरोघर हशा पिकतो, आणि एमेल्डा रागाने फोन लावते तोवर पुढचा आकडा निघून गेलेला असतो. बक्षीस कधी पेट्रोलचं पिंप, कधी मूस हरणाची मागची तंगडी. तंगडीच्या दिवशी फोनवर भांडणं होतात.

गावातल्या कुणालाच ती खऱ्या नावाने पुकारत नाही. दुकानदार म्हणजे 'अर्धा किलो', दवाखान्यातली नर्स म्हणजे 'सुई'. कुणी रागावत नाही. उलट ज्याला मावशीने टोपणनाव दिलं नाही, त्याला उगाच वाटत राहतं की गावाने आपल्याला अजून आपलं म्हटलेलं नाही.

मावशी सात वर्षांची असताना तळ्यावर विमान उतरलं आणि तिला जबरदस्तीने चर्चच्या निवासी शाळेत घेऊन गेलं. आपली भाषा बोलायला तिथे बंदी होती. आमच्या सगळ्यांच्याच घरातून त्या काळी पोरं गेली. आठ वर्षांनी ती परत आली तेव्हा आईशी बोलायला तिच्याकडे आपले शब्दच उरले नव्हते. दोन वर्षं मायलेकी शेजारी बसून मुकाट्याने मासे साफ करायच्या. मग एकेक शब्द परत येत गेला, तोही चुकतमाकत. ती बोलायला लागली की तिच्या मावश्या पोट धरून हसायच्या, आणि हसता हसता दुरुस्त करायच्या. मावशी म्हणते, तिचा विनोद तिथूनच आला. आपल्यावर हसणारी माणसं आपली असली की फार बरं वाटतं.

पुढे लग्न झालं, तीन पोरं झाली, दवाखान्याच्या फरशा पुसल्या. एकदा बिंगो पुकारणारा आजारी पडला, म्हणून एका दिवसापुरती ती माइकसमोर बसली. तो एक दिवस अजून संपलेला नाही. शाळेबद्दल विचारलं तर म्हणायची, "तिथली लापशी वाईट होती," आणि विषय बदलायची.

तर यंदा गावसभेने ठरवलं की सप्टेंबर संपता संपता मोठं जेवण घालायचं. शाळेतून जे परत आले त्यांचा मान करायचा, आणि जी अकरा पोरं परत आली नाहीत त्यांना जेवायला बोलवायचं, म्हणजे हाक मारून त्यांचं पान विस्तवात घालायचं. त्यांची यादी आणली शहरातल्या चर्चच्या हॉवर्ड नावाच्या पाद्र्याने. तरुण माणूस. चर्चच्या तळघरातल्या जुन्या हजेऱ्या त्याने दोन वर्षं उपसल्या, कुठलं पोर कुठे पुरलं ते शोधलं, आणि कागद टपालाने न पाठवता स्वतः घेऊन आला. विमानातून उतरला तेव्हा चेहरा असा की जणू पोरं त्यानेच नेली होती.

"डेल्फीनबाई," तो म्हणाला, "आमच्याच लोकांनी ही नावं लिहिली. म्हणून वाटतं, सगळ्यांसमोर ती मी वाचावीत. तुम्हाला चालेल का?"

मावशीने चष्मा लावला. "पीटर. मेरी. जॉन. मेरी. परत मेरी. ही कोण पोरं?"

"तुमचीच."

"आमची नाहीत. ही तुमच्या हजेरीतली. हे बघ बाबा, मेलेल्याला जेवायला बोलवायचं तर त्याची आई मारायची ती हाक मारावी लागते. मेरी म्हणून हाक मारली तर आमचं पोर झाडामागून मान तरी वर काढेल का?"

पाद्र्याने कागद तिच्याकडेच सरकवला. "मग मी काय करू?"

"लाकडं फोडता येतात?"

"नाही."

"शीक. अकरा पानं आहेत, आणि वर अख्खं गाव जेवणार आहे."

दुसऱ्याच दिवशी मावशीने बिंगोत नवा नियम काढला. एक खेळ झाला की एक नाव. "हा कागदावर पीटर आहे. बापाचं नाव जोसाया, नेला तेव्हा सहा वर्षांचा. घरी याला काय म्हणायचे?" आणि दोन्ही टेलिफोन एकदम वाजू लागले. पीटर निघाला म्हातारबा, कारण जन्मला तेव्हाच कपाळाला आठ्या. जॉन निघाला शेंबड्या. एका मेरीवरून दोन घरांत जुंपली. एक म्हणे तिला खारूताई म्हणायचे, दुसरं म्हणे खारूताई ही आमची, तुमची ती रडूबाई. मावशीने दोघांना माइकवर एकत्र आणलं आणि गावाने कामधाम सोडून ते भांडण ऐकलं. साठ-पासष्ट वर्षांत ज्या पोरांचा कुणी उच्चार केला नव्हता, ती दुकानात, धक्क्यावर, शाळेच्या बसमध्ये नावानिशी हिंडू लागली.

एमेल्डाने फोन केला. थोरल्या बहिणीला वाटाणा म्हणायचे म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मावशीने फोन तोडला नाही की गाणं लावलं नाही. सगळं गाव तिच्याबरोबर थांबलं. हुंदके ओसरल्यावर मावशी हळूच म्हणाली, "एन चाळीस," आणि एमेल्डा नाक पुसत म्हणाली, "आहे माझ्याकडे."

गुरुवारपर्यंत दहा नावं झाली. अकराव्याबद्दल कुणी विचारलं नाही. कागदावर तो लेनर्ड होता आणि तो मावशीचा धाकटा भाऊ. बहिणीला भावाचं नाव कोण विचारतं?

पण मावशीने कागदाची घडी अशी घातली होती की ती ओळ आत राहावी. कारण तिला त्याचं घरचं नाव आठवत नव्हतं.

शाळेत मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या, मधे तारेचं कुंपण. भावंडांनी बोलायचं नाही, आपल्या भाषेत तर नाहीच. एक दिवस पाच वर्षांचा तो पोरगा तारेपाशी आला आणि आपल्या भाषेत तिला हाका मारू लागला. मावशीच्या मागे बाई उभी होती. मावशीने घाबरून इंग्रजीत म्हटलं, "लेनर्ड, जा इथून." तो गेला. त्या थंडीत त्याला खोकल्याने धरलं, आणि बर्फ वितळायच्या आत त्याची खाट रिकामी झाली. तिला कुणी बोलावलं नाही, सांगितलंही नाही. त्यानंतर त्याचं घरचं नाव तिच्या डोक्यातून जे गेलं ते गेलंच. त्याची खरचटलेली ढोपरं आठवायची. काठावरून आई हाक मारायची तिची चालसुद्धा आठवायची, आधी लांब आणि शेवटी तुटक. फक्त त्या चालीतला शब्द गळून गेला होता. आईने पुढे तिच्यादेखत ते नाव कधी घेतलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. मग आईही गेली.

शुक्रवारी शेवटचा बिंगो. चौथा खेळ चालू असताना फोन वाजला.

"बिंगो." हे अननियास काका. चौऱ्याऐंशी वर्षांचे, आणि आठवड्यातून तीनदा तरी खोटा बिंगो पुकारणारे. या आठवड्यात मात्र रोज.

"आकडे सांगा, काका."

"आकडे राहू दे. दहा झाली. अकरावं कुठाय?"

"ते घरचं आहे. उद्या मीच मारीन हाक."

"मारशील ना?"

"काका, तुमच्याकडे बिंगो आहे की नाही?"

"नाही," म्हणून काकांनी फोन ठेवला.

मावशीने फिडलची एक तबकडी लावली. उद्या लेनर्ड म्हणून हाक मारली असती तरी गावात कुणी अवाक्षर काढलं नसतं. पान वाढलं असतं, विस्तवात घातलं असतं. फक्त तो आला नसता. एकदा याच नावाने आपण त्याला हाकललंय, आता त्याच नावाने जेवायला कसं बोलवायचं? तबकडी संपली. तिने माइक पुढे ओढला.

"ऐका," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "मी आठवडाभर तुमच्याकडून नावं काढून घेतली आणि माझं लपवून ठेवलं. मला माझ्या भावाचं नाव आठवत नाही. शाळेत तारेपलीकडून मीच त्याला लेनर्ड म्हणाले. कुणाला माहीत असेल तर मला द्या. मी मागते आहे."

फोन वाजला नाही. कचेरीमागे पाद्री लाकडं फोडत होता, त्याची कुऱ्हाड थांबली. ज्यांना माहीत असायचं ती माणसं कधीच गेली होती. मावशी दोन्ही टेलिफोनांकडे आळीपाळीने बघत होती. अशी पाच मिनिटं गेली असतील. मग बाहेर चारचाकी स्कूटर फटफटत आली आणि घरातल्या सपातांवरच अननियास काका आत शिरले, धापा टाकत.

"अगं पोरी, हे काय फोनवर सांगायचं असतं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? तुझ्या बापाबरोबर सात हिवाळे फासे लावले मी. माझ्या आज्याने मला जंगलात लपवून ठेवलं, शाळेला दिलं नाही, म्हणून तुम्ही भावंडं घरी होतात तेव्हा मी इथेच होतो."

"मग सोमवारपासून गप्प का बसलात?"

"दुसऱ्याच्या घरातल्या गेलेल्याचं नाव घरच्यांनी विचारल्याशिवाय तोंडी आणू नये, एवढी रीत कळते मला. परत आल्यापासून तुझ्या तोंडी ते कधी ऐकलं नाही, म्हणून तू विचारशील या आशेने रोज खोटा बिंगो पुकारून फोन करतोय. आणि ही बया म्हणते, आकडे सांगा."

"आता विचारलं ना. सांगा."

"बेडक्या," काका म्हणाले. "पोट पुढे, गुडघे वर. बाप जाळं घेऊन येईपर्यंत पाण्याच्या कडेला असा उकिडवा बसायचा की उचलून आणावा लागायचा. तुझी आई वरून हाक मारायची." आणि त्या म्हाताऱ्याने मान वर करून, भर खोलीत, तिच्या आईच्या चालीत ती हाक मारली. आधी लांब, शेवटी तुटक.

मावशीने टेबलावर डोकं टेकलं. रडली, मग बेडक्याच्या पोटाची आठवण होऊन हसली, मग परत रडली. काकांनी किटलीतला काळा चहा ओतून तिच्यापुढे सरकवला.

"माइक चालू आहे गं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"असू दे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थंडी होती पण ऊन छान पडलं होतं. पाद्र्याच्या तळहातांना फोड आले होते, आणि लाकडांचा ढीग त्याच्या उंचीचा होता. लोकांसमोर उभा राहून तो म्हणाला की आम्ही तुमची पोरं नेली, मग त्यांची नावंही हिरावून घेतली, आणि त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. अननियास काका म्हणाले, "बस आता, जेव. लाकडं बरी फोडलीस." शाळेतून परत आलेले सोळा जण पुढच्या रांगेत बसवले होते. तरुण पोरांनी प्रत्येकाच्या खांद्यावर नवी रग घातली आणि पहिलं ताट त्यांना वाढलं. मावशी बसायला तयार नव्हती, मासा शिजला का बघते म्हणत होती. दोन भाच्यांनी धरून बसवली. रग पांघरून ती इतकी खूश दिसत होती की तिला स्वतःलाच त्याची लाज वाटत होती.

मग बर्चच्या सालीवर अकरा पानं वाढली. उकडलेला मासा, मूसचा रस्सा, बॅनकची जाड भाकरी, ब्लूबेरी. ज्याचं पोर त्याने पान उचलायचं, हाक मारायची आणि विस्तवात घालायचं. म्हातारबा झाला, शेंबड्या झाला, खारूताई झाली. वाटाण्याला हाक मारताना एमेल्डाचा आवाज थरथरला नाही.

शेवटी मावशी उठली. तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा तोंडातून नुसती वाफ आली. मग तिने मान वर केली आणि सगळ्या गावाला माहीत असलेल्या त्या आवाजात हाक मारली, "बेऽऽडक्या! जेवायला ये."

मागच्या रांगेत एक चिमुरडी फिसकन हसली. तिच्या आईने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हसू दे गं तिला," मावशी पान विस्तवात घालता घालता म्हणाली. "तिच्याच वयाचा आहे तो."