दाढेखालचा दाणा

जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत एक म्हातारे कामगार आहेत; ते मक्याचा दाणा उजव्या दाढेखाली फोडतात आणि सांगतात, "वल हाय, अजून वाळवा." ओल मोजायचं मशीन नंतर तेच सांगतं. त्यांना जे कळतं ते कॉम्प्युटरमध्ये भरणं हे माझं काम. महिनाभर मी विचारतोय. प्रत्येक उत्तराआधी ते डोळे मिटतात. मी घाई केली की म्हणतात, "बराबर लिवा साहेब, जल्दी न्हाई."

काल ते शेजारी बसलेले असतानाच स्क्रीनवर मॅनेजरचा मेसेज आला : 'म्हाताऱ्याची माहिती भरून झाली की त्याला कामावरून कमी करू.'

मी झटकन तो बंद केला, पण त्यांनी वाचला होता. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत.

मग म्हणाले, "बाजरीचं राह्यलंय. तेवढं बराबर लिवून घ्या."