वावरातला शब्द

परवा माझी पणती फोनवर मैत्रिणीशी बोलताना हसत हसत एक शब्द बोलून गेली. पुरुषाच्या अवयवावरून आलेली ती शिवी. तिच्या लेखी अर्थ एवढाच, 'बावळट'. मला मात्र सासरची एक पंगत आठवली.

एकोणीसशे चाळीसच्या सुमारास लग्न होऊन मी नाशिकहून म्हसावदला आले. तिकडची अहिराणी बोली मला नीट कळत नसे. वावरात, म्हणजे शेतात, कापूस वेचताना सासूबाई आणि इतर बायका एकमेकींना तोच शब्द म्हणत आणि खळखळून हसत. मला वाटलं, आळशाला इकडे असं म्हणत असतील.

एका दुपारी पंगतीत मामंजींनी धाकट्या दिरांची चौकशी केली. आपल्याला भाषा यायला लागली हे दाखवावं म्हणून मी सांगितलं की ते अजून खाटेवर लोळताहेत, आणि वर तो शब्द जोडला.

सगळ्यांचे घास थांबले. माझ्या हातात आमटीचं तापलेलं पातेलं, पुढे पुरुषांची पंगत, मागे दार अडवून उभ्या जावा. काय चुकलं हे विचारायचीही सोय नव्हती. बोटं भाजत होती, तरी मला हलता येईना.

"कोनी शिकाडं तुले?" मामंजींनी विचारलं.

एरवी त्यांच्यासमोर तोंड न उघडणाऱ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "मी. वावरमा आम्ही बायका बोलतस. तिले काय माहीत?"

मामंजी पानावरून उठले. त्या हंगामात सासूबाईंना पुन्हा वेचणीला जाऊ दिलं नाही.

शब्दाचा अर्थ जावेने दुसऱ्या दिवशी कानात सांगितला. पण मोठ्याने हसायला सासूबाईंना वावर ही एकच जागा होती, हे मला फार उशिरा कळलं.