उरलेल्याची जोडी

'हातवाऱ्यांचा तास' असं माझ्या तासाला नाव पडलं होतं. क्रीडाशिक्षक व्हायला आलेली सत्तावीस मुलंमुली. गोळा फेका म्हटलं की एका पायावर तयार, पण मनातलं अंगातून दाखवा म्हटलं की सगळ्यांचे हातपाय गळायचे. कुणी खिदळायचं, कुणी बुटाची नाडी बांधत बसायचं. सगळ्यांत दांडगा एक जण तर एकदा चक्क रडला आणि डोळ्यात धूळ गेली म्हणाला. बंद हॉलमध्ये कुठली आलीय धूळ!

पण शिट्टीमास्तराइतका राग मला कुणाचाच आला नाही. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. माझ्या तासाला तो भिंतीपाशी नुसता ताठ उभा राहायचा. गेल्या वर्षी याच विषयात त्याने गटांगळी खाल्लेली. पुन्हा नापास झाला तर शिक्षकाचं प्रमाणपत्र कायमचं हुकणार होतं. तरी ढिम्म. आखडू आहे मेला, असं मी ठरवून टाकलं होतं. लहानपणापासून तो वसतिगृहात वाढला, सुट्टीतही मामा त्याला दारातूनच वाटेला लावायचा, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी चिडायचे.

परीक्षा जोडीने द्यायची होती. समोरासमोर उभं राहायचं, एकाने हालचाल करायची आणि दुसऱ्याने आरसा होऊन हुबेहूब तसंच करायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलांनी आपापल्या जोड्या लावल्या. उरला कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. वर्षभर तोच उरायचा, आणि वर्षभर मी "तू बाजूला बसून बघ" म्हणून मोकळी व्हायचे.

बाकीच्यांची परीक्षा संपली, सगळे जेवायला पळाले. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

"तुझा आरसा मी," मी म्हटलं. "कर सुरू."

त्याने काहीच केलं नाही. नियम म्हणजे नियम, मीही तशीच उभी राहिले. खांदे कानांपर्यंत चढवले, मुठी आवळल्या, श्वास छातीत अडवला. अर्ध्या मिनिटात माझी मान भरून आली. हा पोरगा वर्षभर असा उभा होता? हा ताठा नव्हताच. मार बसणार म्हणून पोर अंग चोरून उभं राहतं, तसा तो उभा होता. मला माझीच लाज वाटली.

"मॅडम, मी असा दिसतो?" नियम त्यानेच मोडला.

मला खोटं बोलवेना. "हो."

"दुखतंय का तुम्हाला?"

"मान दुखतेय."

त्याने हळूच खांदे खाली सोडले. मीही सोडले. मग मुठी उघडल्या, एकेक बोट करत. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, जरासेच. माझेही पुढे झाले. तळव्यांमध्ये वीतभर अंतर राहिलं. घड्याळ बघायचं मी विसरले. आरशाने आपलं रडायचं नसतं, म्हणून मी त्याच्या तळव्यांकडेच बघत राहिले.

शेवटी मीच हात खाली घेतले आणि कागदावर गुण लिहिले. "पास आहेस. जा, जेवून घे."

तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मॅडम, उद्या पुन्हा घ्याल का परीक्षा?"

"अरे, पास झालास ना!"

"ते कळलं," तो म्हणाला. "तरी घ्याल का?"